दोन पाटे काढलेली गाडी

अप्पा, काल मी या वयात एका मोटारीखाली वाकून बघितलं. मोटार नातीची. बुटकी, लाल, पळायला टपलेली. ती रोज तिच्यातूनच कामावर जाते आणि सुट्टीच्या दिवशी चोर्ला घाटाच्या वळणांवर जाऊन जिवावर उदार होते. आता तिला त्या गाडीच्या स्प्रिंगा बदलायच्या आहेत. आहेत त्या मऊ पडतात, वळणावर गाडी कलते, म्हणून आखूड आणि कडक घालायच्या, म्हणजे गाडी रस्त्याला चिकटून पळेल. गॅरेजवाला तिला समजावत होता की रोजच्या वापराला एवढ्या कडक नकोत, बेळगावच्या खड्ड्यांत कंबर खिळखिळी होईल, मधल्या घ्या आणि शॉक-अब्सॉर्बर तेवढे चांगले टाका. दोघांचं एकमत होईना, तेव्हा नातीनं थट्टेनं मला विचारलं, आजी, तुला काय वाटतं? मी म्हटलं, "आधी हे सांग, गाडीत बसणार कोण?" दोघं हसली. मला काही हसू आलं नाही. हा प्रश्न मी आयुष्यभर तोंडात धरून बसले आहे आणि तो तिला नव्हे, तुम्हाला विचारायचा होता.

तुमची गाडीही बुटकीच होती. इंग्रज गेले तेव्हा लाकडाच्या व्यापारातला कुणी साहेब सामान विकून बोटीवर चढला, त्याच्याकडून तुम्ही ती घेतलीत. जगलबेटात तेव्हा बैलगाड्या आणि लाकडाचे ट्रक सोडले तर चाकावर चालणारं दुसरं काही नव्हतं. रेल्वेच्या रुळांखालच्या लाकडी स्लीपरांचा धंदा करणाऱ्या माणसानं जीप घ्यावी, नाहीतर जुना ट्रक घ्यावा. तुम्ही घेतलीत दोन माणसांची, कापडी छपराची, लांब नाकाची गाडी, जिच्या मागच्या डिकीत धड कुऱ्हाडही मावत नसे. आई म्हणायची, नवऱ्याला दुसरी बाई नाही म्हणून मी देवाला नारळ फोडत होते, तर ही आली. गाडी पळवायचा तुम्हाला नाद होता. तिनईघाटाच्या सरळ रस्त्यावर तुम्ही सुटलात की माणसं पोरांना आणि कोंबड्यांना आत घ्यायची. मी लहान असताना मांडीवर बसून तसं गेल्याचं मला आठवतं. वारा तोंडात शिरायचा, तुम्ही हसत असायचात, आणि गाडी दगडाच्या फरशीसारखी टणक होती. रस्त्यातला खडा न् खडा कळायचा. तुम्हाला तेच आवडायचं. रस्ता हातात कळला पाहिजे, म्हणायचात.

मग माझी पाठ बिघडली. कण्याचा क्षय. मिरजेला किती महिने उताणी पडून काढले ते मी मोजलेले नाहीत, छताच्या कौलांशी मात्र चांगली ओळख झाली. परत आले ती गळ्यापासून कमरेपर्यंत प्लास्टरचं जाकीट घालून. डॉक्टरांनी तुम्हाला बजावलं होतं की पोरगी बसेल, चालेल, शिकेल, पण धक्का बसता कामा नये, एक वाईट धक्का आणि पाय जातील. हे त्यांनी माझ्यासमोर सांगितलं. मी तेव्हा मोठ्या माणसांची तोंडं वाचायला शिकले होते. तुमच्या तोंडावर काहीच दिसलं नाही. पत्त्यांच्या डावातही तुमच्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळत नसे, त्यातलाच तो प्रकार.

शाळा कॅसलरॉकला होती, रेल्वेच्या लोकांच्या मुलांसाठी काढलेली. तुमचं कामही तिथंच, स्टेशनाजवळच्या अड्ड्यावर स्लीपर लावायचं आणि मालगाडीच्या वाघिणीत भरायचं. तुम्ही ठरवलंत की मला रोज बरोबर नेणार. आई म्हणाली, तिनईघाटापर्यंत डोलीतून नेऊ आणि पुढं आगगाडीनं पाठवू, रुळावर धक्का कमी. तुम्ही म्हणालात, डब्याची पायरी उंच, गर्दीत कुणी ढकललं म्हणजे? तेव्हा मला ते पटलं. पुढं जेव्हा मी एकेक गोष्ट उलटून बघायला लागले, तेव्हा सगळ्यात आधी हीच उलटली. कॅसलरॉकच्या डब्यात गर्दी कधी होती, अप्पा? पलीकडे गोव्यात जाणारी गाडी बंद पडल्यावर तर त्या डब्यांत चार रेल्वेवाले आणि एखादी म्हातारी, एवढेच असायचे.

लोंढ्याच्या मेस्त्रीकडे गाडी नेलीत, तो दिवस मला नीट दिसतो. मी बाजेवर कुशीवर पडले आहे, बाज मेस्त्रीच्या अंगणात फणसाखाली टाकली आहे आणि तुम्ही दोघं मागच्या चाकापाशी उकिडवे बसला आहात. चाकावर पोलादाच्या पट्ट्यांची कमान असते, एकावर एक रचलेली, तिलाच आपल्याकडे पाटे म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. मेस्त्री म्हणतो, टायरातली हवा कमी करा. तुम्ही म्हणता, करून बघितली, दगडांनी टायर फाटतात. तो म्हणतो, पाट्यांच्या मधे चरबी भरून वरून चामडं गुंडाळतो, घसरतील तर मऊ होतील. तुम्ही म्हणता, तेही कर, पण तेवढ्यानं भागायचं नाही. मग तो म्हणतो की मधले दोन पाटे काढले तर टांग्यासारखी झुलेल, पण सावकार, गाडी मेली म्हणून समजा. पळणार नाही, वळणावर लोळेल, मागून कायम बसलेली दिसेल आणि बूड दगडाला घासेल. तुम्ही विडी पेटवलीत. एवढा वेळ विडी ओढताना तुम्हाला मी कधी बघितलं नव्हतं. शेवटी म्हणालात, "काढ."

मग तुमचा तो तांब्या. डावीकडची खुर्ची काढून तुम्ही तिथं फळी बसवलीत, फळीवर आईनं सावरीचा कापूस भरून शिवलेली जाड गादी, आणि मला बसवण्याआधी गादीवर गळ्यापर्यंत भरलेला पितळी तांब्या ठेवून तुम्ही नाक्यापर्यंत जाऊन यायचात. पहिल्यांदा तांब्या अर्धा रिकामा आला आणि गादी चिंब. पुन्हा मेस्त्री, पुन्हा चरबी, पुन्हा तांब्या. शेवटी एका संध्याकाळी तुम्ही तो तांब्या दोन्ही हातांत धरून ओट्यावर आलात, नुसता काठ ओला होता, आणि आईपुढं तो देवाच्या तीर्थासारखा धरलात. आई रडली. मला तेव्हा अभिमान वाटला होता, हे लिहायला हवं. संशय नंतर आला.

कारण गाव काही आंधळं नव्हतं. आपल्याकडे दारूबंदी, पलीकडे पोर्तुगीजांच्या गोव्यात बाटल्यांची रेलचेल, आणि मधे ओळखीपाळखीचं जंगल. कुंभारवाड्याकडून कॅसलरॉककडे कोण कशासाठी चालत जातो हे पोरासोरांना ठाऊक होतं. अशा मुलखात एका माणसानं पळणाऱ्या गाडीचे पाटे काढून ती झुल्यासारखी मऊ केली आणि तांब्या ठेवून ठेवून धक्के तपासले, तर लोकांना काय वाटणार? जी गाडी पोरीचा कणा सांभाळते ती बाटलीही सांभाळते. डोकं चालवायची गरजच नाही.

आणि कॅसलरॉकच्या वाटेवरच्या दारूबंदीच्या नाक्यावर बसणाऱ्या नाकेदाराची तर रीतच ठरलेली होती. तो धारवाडकडचा, पोट सुटलेला, पानाची पिंक टाकल्याशिवाय न बोलणारा माणूस. तो गाडीची डिकी, पेट्या, बोचकी असलं काही आधी बघत नसे. तो लांबून गाडीची मागची बाजू बघायचा. कमान ताठ असली तर हात हलवून सोडायचा. कमान दबून सपाट झाली असली तर काठी आडवी. माल वजनदार असतो आणि पाटा खोटं बोलत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. आता आपली गाडी रिकामी असली तरी मागून बसलेलीच. मला घेऊन तुम्ही पहिल्यांदा परत निघालात तेव्हा त्यानं काठी आडवी घातली. डिकी उघडली, हत्यारांची पिशवी उपसली, टायरांवर काठी मारून बघितली. मग माझ्याकडे आला. त्याची नजर माझ्यावर नव्हती, गादीवर होती. म्हणाला, पोरीला जरा खाली उतरवा.

तुम्ही स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. शांतपणे म्हणालात, "उचला. पण तुमच्या हातानं उचला, सायेब. तिला काय झालं तर ते तुमच्या हातानं हुईल."

तो माझ्या गळ्याजवळच्या प्लास्टरच्या काठाकडे बघत राहिला. उन्हानं त्या जाकिटाला वास येत होता. मग म्हणाला, "बसू द्या पोरीला." त्यानंतर रोज तेच. सुरुवातीला तो डिकी उघडायचा, मग नुसता ठोकायचा, मग लांबूनच हात हलवायला लागला. जी गाडी रोजच बसलेली, तिची कमान बघून त्याला काय कळणार? एका प्रामाणिक बापानं दुसरं काय बोलायला हवं होतं ते मला सांगता येत नाही. आणि एका पक्क्या लबाडानं दुसरं काय बोलायला हवं होतं तेही सांगता येत नाही. दोघंही हेच बोलले असते, अप्पा. माझ्या दुखण्याचं मूळ ते आहे.

शाळेत मला बाटलीवाल्याची म्हणायला लागले. मी जाकिटामुळे वर्गात ताठ बसायची, तर म्हणायचे, हलू नको, फुटेल. मी घरी सांगितलं नाही. मी फक्त डोळे उघडे ठेवले. पावसाळ्यात गाडी ताडपत्रीखाली जायची आणि माझी शाळा बंद व्हायची. लोक म्हणत, मालही हंगामीच असतो. रोज संध्याकाळी परतताना तिनईघाटाच्या अलीकडे तुम्ही गाडी थांबवायचात, मला अलगद उचलून एका ओंडक्यावर बसवायचात आणि म्हणायचात, पाठ मोकळी कर. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, हे खरं. पण दर वेळी माझं तोंड झाडीकडे का? मी एकदा म्हटलं, अप्पा, मला रस्त्याकडे तोंड करून बसवा, गाडी दिसू दे. तुम्ही म्हणालात, ऊन डोळ्यावर येतं. ऊन तर झाडीच्याच बाजूनं येत होतं. माझ्या पाठीमागं तुम्ही गादी झटकायचात, तिचा फटफट आवाज यायचा, मग फळी हलल्याचा, मग बराच वेळ काही नाही, मग तुमची पावलं.

आणि एक दिवस ती किणकीण ऐकू आली. कुळगीकडून रानगवे खाली उतरले होते आणि एक भर रस्त्यात उभा होता, म्हणून तुम्ही करकचून ब्रेक दाबलात. गाडी पुढं झुकली, मागं झुलली, आणि माझ्या खालून काचेवर काच लागावी तसा बारीक आवाज आला. गवा आपल्या तंद्रीत निघून गेला. मी विचारलं, "अप्पा, माझ्याखाली काय हाय?"

"पाटा वाजला."

"पाटा मागं हाय. माझ्याखाली काय हाय?"

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. "गादी हाय. आईनं शिवलेली. पुन्ना इचारशील तर शाळा बंद." एवढं बोलून तुम्ही गाडी चालू केलीत. तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही, म्हणून ते एवढंसं रागावणं मला आजवर पुरलं. दुसऱ्या दिवशी मी गादीवर बसले आणि मला वाटलं की मी मुलगी नाही, झाकण आहे. एवढ्या वयाच्या पोरीला असं वाटू नये. पण वाटलं, आणि मग मी तसंच बसायला शिकले. रोज नाका आला की मी आपोआप जास्त आजारी दिसायची. कुणी सांगितलं नव्हतं. मान एका बाजूला टाकायची, डोळे अर्धे मिटायची. नाकेदार च् च् करायचा. तुमचं काय असेल ते असो, तुम्हाला पकडू द्यायचं नव्हतं मला. इतका राग आला होता तरी.

तेवढं एक खरं की त्या सगळ्या वर्षांत मला एक धक्का बसला नाही. तुम्ही, ज्यांना बघून माणसं कोंबड्या आत घ्यायची, ते तुम्ही बैलगाडीच्या मागून बैलगाडीच्या चालीनं जायचात. ट्रकवाले भोंगे वाजवून पुढं जायचे आणि हसायचे. गाडीचं बूड दगडाला घासलं की तुमचा जबडा आवळायचा, जशी तुमचीच पाठ सोलली. माझं प्लास्टर निघालं, मी सरळ चालायला लागले, तरी तुम्ही गाडी तशीच हाकायचात. पाटे परत घालायचं नाव नाही. मी बरी झाले होते, मग हा मऊपणा कुणासाठी, असं मी मनात धरलं.

कॉलेजला धारवाडला गेले तेव्हा मी एक परीक्षाच लावली. तुम्हाला न सांगता. मी आता रोज गाडीत नाही, म्हणजे पाटे माझ्यासाठी काढले असतील तर ते परत बसतील. नाही बसले तर बाटल्यांसाठी. इतकं सोपं गणित मी पुढं शिकवायला लागल्यावर वर्गातही कधी घातलं नाही. दिवाळीला लोंढ्याला उतरले, तुम्ही घ्यायला आला होतात. मी तुम्हाला नमस्कार करायच्या आधी गाडीची मागची बाजू बघितली, अगदी नाकेदारासारखी. गाडी बसलेलीच होती. मला जे बघायचं होतं ते मी बघितलं होतं. त्या दिवाळीत मी तुमच्याशी नीट बोलले नाही, आणि तुम्हाला ते कळलं, आणि तुम्ही विचारलं नाहीत.

डिसेंबरात गोवा मोकळा झाला आणि नाक्यावरची काठी उठली. संक्रांतीला मी घरी होते. नाकेदाराची बदली झाली होती, तो जायच्या आधी आपल्या ओट्यावर चहाला आला. मी आत तीळ निवडत होते, दारातून त्याची पाठ आणि तुमचं तोंड दिसत होतं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यानं पान थुंकलं आणि हसत म्हणाला, "सावकार, इतकी वर्सं झाली, मी एकदाबी पोरीला उठवलं न्हाई. आता नाका न्हाई, मीबी न्हाई. आता तर खरं सांगा. काय हुतं गाडीत?"

माझे हात थांबले. आईचेही थांबले, ते मी बघितलं. तुम्ही बशीतला चहा संपवलात, बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "पोरगी हुती."

नाकेदार खो खो हसला. स्वतःच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, व्हय व्हय, पोरगी हुती. तुम्ही हसला नाहीत. मी तुमचं तोंड अगदी समोरून बघत होते, आणि तुमच्या तोंडावर पुन्हा काहीच नव्हतं. मिरजेला होतं तेवढंच. मी कित्येकदा ते उत्तर घेऊन बसले आहे. कधी वाटतं याहून खरं कुणी बोलणार नाही. कधी वाटतं काय बेरकी माणूस होता, जाता जाता नाकेदारालाही टोपी घातली, आणि आत बसलेल्या मलाही.

मेच्या सुट्टीत आले तर गाडी अजून बसलेली. आता मात्र माझं गणित अडलं. नाका उठला होता, बाटल्या राजरोस ट्रकांतून येत होत्या, मी धारवाडला होते. फळी काढून तिथं खुर्ची परत बसली होती, म्हणजे जे लपवायचं ते संपलं होतं, असलं तर. मग पाटे? वाटेत गाडीचं बूड असं घासलं की धुराची नळी तुटून लोंबायला लागली आणि तुम्ही ती तारेनं बांधलीत. घरी आल्यावर मी आईला विचारलं, अजून पाटे का घातले नाहीत, गाडी मोडायला आली.

आई भात वैरत होती. वर न बघता म्हणाली, "तू येतीस न्हवं सुट्टीला."

मी म्हटलं, आई, मी बरी होऊन वर्षं झाली. ती म्हणाली, "ते तुला वाटतंय. त्येंना न्हाई वाटत. लोंड्याच्या मेस्त्रीनं दोनदा सांगून बगितलं, तर म्हन्ले, धारवाडाकडनं पोरगी आली आनि पाठ दुखली म्हन्ली तर काय करू."

मी तिथंच चुलीपाशी बसून राहिले. वर्षभर तुम्ही एक मेलेली गाडी हाकत होतात, पळायचा जीव असलेली गाडी, तिचं बूड फोडत, नळ्या बांधत, ट्रकवाल्यांचे भोंगे ऐकत, मी वर्षातून तीन वेळा लोंढ्यापासून जगलबेटापर्यंत बसणार म्हणून. आणि तरी, अप्पा, मी लगेच विचारलं, "आणि गादीखाली काय होतं?"

आईनं पळीनं भात ढवळला. "गादी मी शिवली हुती," म्हणाली. मग भातात मीठ टाकलं. ती तुमची बायको होती, पक्की. तिच्यावरही माझा संशय तेव्हापासून आहे. पुढं ती तुमच्या मागं पुष्कळ वर्षं जगली आणि मी अनेकदा वेगवेगळ्या वाटांनी तिथं पोचायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी तिनं मला गादी कशी शिवली ते सांगितलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी बेळगावात मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. कॉपी पकडण्यात माझा हात कुणी धरत नसे. मुली म्हणायच्या, बाई पाठीमागूनच ओळखतात. तुमच्या वर्षश्राद्धानंतर गाडी विकायची ठरली. खानापूरचा गिऱ्हाईक म्हणाला, आधी पाटे घालून द्या, अशी लोळणारी गाडी कोण घेईल. काढलेले दोन पाटे मेस्त्रीनंच जपून ठेवले होते, तेल लावून, गोणपाटात. म्हणाला, सावकारांनी सांगितलं होतं, टाकू नको, पोरगी बरी झाली की परत घालू. पाटे बसले. गाडी मागून उभी राहिली, एखादं जनावर बसल्या जागेवरून उठतं तशी. मेस्त्री म्हणाला, ताई, बसा, एक चक्कर मारून दाखवतो.

बसले. तिनईघाटाच्या त्याच रस्त्यावर. पाठ बिघडल्यापासून माझ्या कण्यानं पहिल्यांदा तो रस्ता वाचला. रोज त्यावरून जात होते, शाळेची सगळी वर्षं, आणि मला माहीतच नव्हतं की तो इतका वाईट आहे. दगड न् दगड मणक्यात चढत होता. तुम्ही तो सगळा रस्ता माझ्या आणि दगडांच्या मधे बसून एकट्यानं सोसला होता. मी रडायला लागले. मेस्त्रीला वाटलं पाठ दुखली, त्यानं गाडी थांबवली, ती नेमकी त्या ओंडक्यापाशी, म्हणजे जिथं ओंडका असायचा तिथं. मी डोळे पुसले आणि त्याला विचारलं की मेस्त्री, मऊ पाटा किणकिणतो का, काचेसारखा? तो विचार करून म्हणाला, "घट्ट पाटा गप ऱ्हातो, ताई. सैल वाजतो. पर काचेवानी..." आणि मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

नातीनं शेवटी मधल्या स्प्रिंगा घ्यायचं कबूल केलं आहे. गॅरेजवाला म्हणतो आजींमुळे. ती म्हणते, आजीला मागच्या सीटवर घेऊन गोव्याला जायचं आहे, तिची पाठ नाजूक आहे. बघा, हिलाही कुणी शिकवलं नाही. हे पत्र मी कुठं टाकणार नाही. पत्ता नाही म्हणून नव्हे. तुम्ही वाचलंत तरी बशी खाली ठेवून तेच दोन शब्द सांगाल, आणि मी पुन्हा तुमच्या तोंडाकडे बघत बसेन.

एक सांगून थांबते. आजही कुठल्याही गाडीत, रिक्षात, अगदी पोरांच्या नव्या मोटारीतही बसण्याआधी मी सीटखाली हात घालून चाचपून बघते. सगळ्यांना वाटतं म्हातारीला काही सांडल्याची भीती आहे. हाताला काही लागत नाही. तेव्हा मला हायसं वाटतं आणि थोडं वाईटही वाटतं, आणि मग मी पाठ टेकून बसते.